जुन्या गाडीची तेलगळती : स्वतः हात घालावा की उस्तादाकडे जावे?

जुन्या गाडीवर रोजी कमावणारी माणसे वाशिम जिल्ह्यात गावोगावी आहेत. कारंजा तालुक्यातील धनज आणि आसपासच्या खेड्यांत कोणी काळी-पिवळी जीप चालवतो, कोणी टेम्पोतून सोयाबीन, तूर, कापूस बाजार समितीत नेतो, तर कोणी जुन्या गाडीतून किराणा आणि भाजीपाला आणतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते आणि अनेक बंधू व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छितात. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांची गाडी सांभाळून चालविणे हाच त्यांचा धंदा आणि हीच त्यांची पुंजी होय.

अशा गाडीचे एक दुखणे कधी ना कधी सुरू होतेच. रात्री गाडी उभी केली की सकाळी खाली तेलाचा डाग दिसतो. मग घरात आणि स्टँडवर सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "जुनी गाडी आहे, गळणारच." दुसरा म्हणतो, "एवढे काय त्यात, सील आण आणि बसव." तिसरा घाबरवतो, "गिअरबॉक्स गेला समज." तिघांचेही म्हणणे कधी खरे ठरते, कधी खोटे. कोणत्या वेळी कोणाचे खरे मानावे, हे ठरविण्याची रीत आज आम्ही या पानावर मांडत आहोत. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत ताकद पोहोचविणारे जे भाग आहेत, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, डिफरन्शियल आणि एक्सल, त्यांच्याच गळतीचा विचार येथे मुख्यतः केला आहे.

आधी ओळख पटवा

गळती दुरुस्त करण्यापूर्वी काय गळते आहे आणि कोठून गळते आहे, हे निश्चित झाले पाहिजे. यात घाई केली की चांगले सील काढले जाते आणि खराब सील तसेच राहते.

गाडीचा खालचा भाग प्रथम स्वच्छ करावा. वर्षानुवर्षांची माती आणि तेल यांचा थर साचलेला असतो, त्यात गळतीचे मूळ दिसणे शक्य नसते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या कापडाने गिअरबॉक्स, डिफरन्शियलचा गोल भाग आणि चाकांच्या आतील बाजू पुसून घ्याव्यात. जवळ विडी-काडी नसावी. त्यानंतर दहा-वीस किलोमीटर गाडी चालवावी, सपाट जागी उभी करावी आणि खाली एक मोठा कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा. पुठ्ठ्याची पुढची बाजू कोणती आणि चाके कोठे येतात, याच्या खुणा पेन्सिलने करून ठेवाव्यात. सकाळी हा पुठ्ठा गाडीचा नकाशाच देतो.

आता थेंब तपासावा. बोटांत चोळून पाहावे, वास घ्यावा, रंग पाहावा.

गिअर ऑईल घट्ट आणि चिकट असते. त्याला गंधकाचा उग्र वास येतो. हा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. इंजिन ऑईल वापरून काळे पडलेले आणि पातळ असते, त्याला जळका वास असतो. पॉवर स्टिअरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत लालसर तेल असते. रेडिएटरचे कूलंट पाण्यासारखे पातळ, हिरवे किंवा गुलाबी असते. ब्रेक आणि क्लचचे तेल पातळ, फिकट पिवळे किंवा तपकिरी असते आणि अंगावरील रंग खराब करते.

शेवटचा प्रकार आढळला तर पुढे वाचण्याआधी गाडी उभी करावी. ब्रेक ऑईल गळत असलेली गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये. मिस्त्रीला गाडीजवळ आणावे किंवा गाडी ओढून न्यावी. येथे बचतीचा प्रश्नच उद्भवत नाही, प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

गळतीचे तीन दर्जे

तेल कोठून येते हे कळले की किती येते ते पाहावे. आम्ही सोयीसाठी तीन दर्जे करतो.

पहिला दर्जा ओलीचा. जोडावर तेलाची ओल आहे, त्यावर धूळ चिकटली आहे, पण थेंब पडत नाही. वीस वर्षांच्या गाडीत अशी ओल असणे हा रोग नव्हे. खालचा भाग पुसून ठेवावा, दर महिन्याला तेलाची पातळी पाहावी, एवढेच काम.

दुसरा दर्जा थेंबाचा. रात्रभरात पुठ्ठ्यावर चार-सहा थेंब. ही गळती दुरुस्तीच्या यादीत जाते, पण आजच धंदा बंद करून गाडी खोलण्याची गरज नसते. तेलाची पातळी दर आठवड्याला पाहून भरत राहावे आणि सोयीचा दिवस ठरवावा.

तिसरा दर्जा सततच्या थेंबाचा किंवा धारेचा. उभ्या गाडीतून दर मिनिटाला एक थेंब पडतो असे समजा. दिवसाचे १४४० थेंब झाले. वीस ते पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज ५८ ते ७२ मिलिलिटर, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन लिटर तेल गेले. लहान जीपच्या गिअरबॉक्समध्ये एकूण तेलच एक ते दोन लिटरच्या आसपास असते. शिवाय चालत्या गाडीत तेल गरम होऊन पातळ होते आणि जास्त वेगाने बाहेर पडते. याचा अर्थ असा की मिनिटाला एक थेंब ही गोष्ट डोळ्यांना क्षुल्लक वाटली तरी महिन्याभरात गिअरबॉक्स कोरडा करू शकते. कोरडा गिअरबॉक्स काही किलोमीटरमध्ये बेअरिंग आणि दाते खाऊन टाकतो. शे-दोनशे रुपयांच्या सीलकडे दुर्लक्ष केल्याने हजारोंचा खर्च येतो, तो असा.

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हिवाळ्यात नुसती ओल असलेली जागा थेंब टाकू लागते. तसेच नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि हा मार्ग कारंजा तालुक्यातूनच जातो. गावच्या रस्त्यावर तासाला चाळीसच्या वेगाने चालणारी जुनी गाडी तेथे तास-दोन तास न थांबता वेगात पळविली की गिअर ऑईल खूप तापते. गावात न गळणारी गाडी तेथे गळू शकते आणि तेथे वाटेत गावच्यासारखे गॅरेज नसते. म्हणून लांबच्या फेरीआधी तेलाची पातळी पाहणे हा नियमच करावा.

सील का जाते, हे विचारा

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा हा आहे. सील फुटले म्हणून तेल गळते हे खरे, पण सील का फुटले हा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. नवे सील बसविले जाते आणि दोन महिन्यांत तेही गळते. मग सील 'डुप्लिकेट' होते असे म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. खरी कारणे साधारण पाच असतात.

१. ब्रीदर बंद पडणे. एक्सलच्या नळीवर किंवा गिअरबॉक्सच्या वर एक लहान बोंडासारखी झडप असते. आतील तेल तापले की हवा फुगते आणि या ब्रीदरमधून बाहेर पडते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर चिखलाने ते बुजून जाते. मग फुगलेली हवा सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे सीलमधून, तेलासह बाहेर पडते. ब्रीदर काढून रॉकेलने धुवावा आणि फुंकून पाहावा. यास एक रुपयाही लागत नाही. गळती दिसली की पहिले काम हेच करावे.

२. तेल जास्त भरणे. 'थोडे जास्त असलेले बरे' ही समजूत चुकीची आहे. बहुतेक गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये सपाट जागी उभ्या गाडीत तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल असले पाहिजे, त्यापेक्षा जास्त नाही.

३. बेअरिंग सैल होणे. शाफ्ट जागेवर न फिरता हेलकावे खात असेल तर कोणतेही सील टिकणार नाही. डिफरन्शियलचा पुढचा फ्लँज हाताने धरून वर-खाली हलवून पाहावा. वर-खाली हालचाल जाणवली तर बेअरिंग गेले. फिरविण्याच्या दिशेने थोडी ढील असते ती दात्यांमधील मोकळीक होय, तिला घाबरू नये.

४. शाफ्टवर खाच पडणे. सीलची कड वर्षानुवर्षे एकाच जागी घासून लोखंडावरही गोल खाच पाडते. नख फिरवून पाहावे. नख अडकले तर नवे सील तेथे बसणार नाही. फ्लँज बदलणे, त्यावर स्लीव्ह चढविणे किंवा सील किंचित मागे-पुढे बसविणे हे उपाय असतात.

५. केवळ वय. रबर उष्णतेने कडक होते आणि त्याला तडे जातात. वरील चारही कारणे नसतील तरच 'सील जुने झाले' असे म्हणावे.

गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या आमच्या तरुण बंधूंनी ही पाच कारणे पाठ करून ठेवावीत. सील बदलणारे हात पुष्कळ मिळतात, कारण शोधणारा मिस्त्री मात्र गिऱ्हाईक दुरून शोधत येतो.

कोणते काम कोणी करावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वतः करावे की नाही, हे ठरविताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी काय काय खोलावे लागेल? परत बसविताना काही माप किंवा ताण अचूक ठेवावा लागतो का? आणि माझ्या हातून चूक झाली तर फक्त तेल गळेल की कोणाचा जीव धोक्यात येईल? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कामाचे तीन गट पडतात.

पहिला गट, स्वतः करण्याजोगी कामे. ब्रीदर साफ करणे, तेलाची पातळी पाहणे आणि भरणे, ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर बदलणे, सैल झालेले बोल्ट बेताने आवळणे आणि ज्या गाड्यांत डिफरन्शियलला मागून झाकण असते तेथे त्याचे पॅकिंग बदलणे. येथे चूक झाली तर तेल पुन्हा गळेल, याहून मोठे नुकसान सहसा होत नाही.

दुसरा गट, जाणकाराच्या देखरेखीखाली करण्याजोगी कामे. गिअरबॉक्सचे मागचे सील यात येते. त्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा लागतो आणि फ्लँज ओढून काढावा लागतो. शाफ्ट ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत बसावा म्हणून दोन्ही भागांवर आधी खूण करावी, नाहीतर गाडी थरथरू लागते. ज्याने हे काम एकदा उस्तादाजवळ उभे राहून पाहिले आहे, त्याला ते जमते.

तिसरा गट, हात न घालण्याची कामे. येथे तीन जागा आहेत.

पहिली जागा गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामधील. क्लचच्या घरातून खाली तेल टपकत असेल तर ते इंजिनाच्या मागच्या सीलचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचे असते. वासावरून ओळखता येते. पण तेथे पोहोचण्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. अंगणात, एका जॅकवर, चुलतभावाच्या मदतीने गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे स्वतःच्या छातीवर वजन घेणे होय. क्लच प्लेट घसरत नसेल आणि गळती थोडी असेल, तर तेल भरत राहावे आणि क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हा दोन्ही सील त्याच वेळी बदलून घ्यावीत. मजुरी एकदाच लागते.

दुसरी जागा डिफरन्शियलच्या पिनियनचे सील. बाहेरून हे काम सोपे दिसते, म्हणूनच ते फसवते. पिनियनच्या नटावर बेअरिंगचा ताण अवलंबून असतो. अनेक गाड्यांत आत दबणारी एक स्लीव्ह असते, नट जास्त आवळला तर ती कायमची दबते आणि बेअरिंग लवकर जळते. कमी आवळला तर क्राऊन-पिनियन गुणगुणू लागतात. जाणकार मिस्त्री नट सोडण्यापूर्वी नट, शाफ्ट आणि फ्लँजवर खूण करतो, आटे मोजतो आणि फिरविताना लागणारा जोर तपासतो. आपला मिस्त्री असे करतो की सरळ लांब टॉमी लावतो, हे मालकाने उभे राहून पाहावे.

तिसरी जागा चाकाजवळील एक्सल सील. ही गळती सर्वांत धोक्याची, कारण तेल जमिनीवर कमी आणि ब्रेक ड्रममध्ये जास्त जाते. चाकाच्या आतल्या बाजूवर तेलाचे फराटे दिसले किंवा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली, तर गाडीत प्रवासी बसवू नयेत. तेलाने भिजलेले लायनर धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. लायनर बदलावे आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम हवेच्या प्रेशरने उडवून साफ करू नये, ओल्या कापडाने पुसावा.

खर्चाचा खरा हिशेब

बरेच बंधू स्वतः काम करण्याचे कारण पैसा सांगतात. तो हिशेब एकदा कागदावर करून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून वाचकांनी तो पुन्हा करावा.

समजा गिअरबॉक्सचे मागचे सील १५० रुपयांचे, तेल ७०० रुपयांचे आणि गॅरेजची मजुरी ६०० रुपये. गाडी एक दिवस उभी राहिली तर बुडणारी कमाई १५०० रुपये. धंद्याच्या दिवशी गॅरेजमध्ये काम केले तर एकूण २९५० रुपये. तेच काम नवशिक्याने स्वतः केले आणि त्याला दोन दिवस लागले, तर मजुरी वाचूनही ८५० अधिक ३०००, म्हणजे ३८५० रुपये झाले. म्हणजे स्वतः करून नऊशे रुपयांचा तोटाच झाला.

आता हेच काम धंदा नसलेल्या दिवशी करा. गॅरेजमध्ये १४५० आणि स्वतः केले तर ८५० रुपये. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, स्वतः करण्याची खरी बचत फक्त मजुरीइतकी, येथे सहाशे रुपये, असते. दोन, त्याहून मोठी बचत योग्य दिवस निवडण्यात आहे. ज्याने पुठ्ठा पसरून गळती थेंबाच्या दर्जात असतानाच ओळखली, तो दिवस निवडू शकतो. ज्याने दुर्लक्ष केले, त्याचा दिवस गाडी निवडते, आणि तो दिवस बहुधा सोयाबीनच्या हंगामातलाच असतो.

यात अवजारांचा खर्च धरलेला नाही. रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा चांगला संच, दोन मजबूत घोड्या आणि तेल भरण्याचा पंप एवढे घेतले तर ते वर्षानुवर्षे कामाला येतात. एका कामासाठी फ्लँज ओढण्याचा पुलर विकत घेऊ नये, ओळखीच्या गॅरेजातून मागून आणावा.

स्वतः करणाऱ्यांसाठी शिस्त

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर असावी. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने गाडी उचलावी, पण घोडीवर टेकविल्याशिवाय खाली जाऊ नये. विटा, दगड आणि जुनी रिम म्हणजे घोडी नव्हे, विटा अचानक फुटतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा काय, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. जॅकखाली शिरताना 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेल काढण्यापूर्वी भरण्याचा प्लग आधी उघडून पाहावा. हा जुना नियम आहे आणि फार मोलाचा आहे. खालचा प्लग उघडून सर्व तेल काढले आणि वरचा गंजलेला प्लग उघडलाच नाही, तर गाडी जागेवरच अडकते.

निघालेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन पाहावे. प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर करडी मऊ पेस्ट असणे स्वाभाविक आहे. लोखंडाचे कण बोटाला टोचले किंवा दात्याचा तुकडा मिळाला, तर काम थांबवून उस्तादाला दाखवावे. तेल दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे. नाल्याच्या पुरातून गाडी नेल्यावर असे होते. ते तेल पूर्ण बदलावे.

जुने सील सोबत घेऊनच दुकानात जावे. त्यावर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. नवे सील बसविताना स्प्रिंग असलेली कड तेलाच्या बाजूला यावी, कडेला थोडे ग्रीस लावावे आणि सपाट लाकूड किंवा त्याच मापाचा पाइप ठेवून हलक्या हाताने चारी बाजूंनी सारखे ठोकावे. झाकणाचे पॅकिंग बदलताना जुने पॅकिंग पूर्ण खरवडून कोरडे करावे. बाँड पातळ लावावा. जास्त लावलेला बाँड आत पडून तेलाच्या वाटा बुजवतो. ॲल्युमिनियमच्या घरात प्लग अंगच्या जोराने आवळू नये, आटे गेले की नवा खर्च उभा राहतो.

तेल कोणते, हे गाडीच्या पुस्तकात पाहूनच ठरवावे. डिफरन्शियलच्या हायपॉईड दात्यांना जीएल-५ दर्जाचे तेल लागते. गिअरबॉक्सला मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांत जीएल-४ सांगितलेले असते, कारण जीएल-५ मधील जास्तीची रसायने पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात. 'एकच डबा दोन्हीकडे' ही काटकसर महाग पडते. गळती थांबविणारे औषध बाटलीत मिळते, ते रबर थोडे फुगवते. चार दिवस निभावण्यापुरता त्याचा उपयोग आहे, तो इलाज नव्हे.

काम झाल्यावर पन्नास किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर पातळी पाहावी. जुने तेल विहिरीजवळ, शेतात किंवा नाल्यात ओतू नये. २०१६ च्या घातक कचराविषयक केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचाही समावेश आहे. जे पाणी आपण आणि आपली जनावरे पितात त्यात ते मिसळणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसापर्यंत पोहोचेल अशा गॅरेजला द्यावे.

मिस्त्री आणि मालक, दोघांची अमानत

आपल्या देशातील जीपच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आज 'महिंद्रा अँड महिंद्रा' या नावाने ओळखली जाणारी कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली होती. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये नाव बदलले. मोठा उद्योग असो की खेड्यातील पत्र्याचे गॅरेज, धंदा भागीदारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या विश्वासावर उभा राहतो.

म्हणून मिस्त्री बंधूंना आमचे सांगणे आहे की, ब्रीदर साफ करून थांबणारी गळती सील बदलून थांबविल्याचे सांगू नये. काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यावा. जे काम येत नाही ते येत नाही असे म्हणावे. ज्यांना हा व्यवसाय रीतसर शिकायचा आहे त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. उस्तादाच्या हाताखालील अनुभवाला प्रमाणपत्राची जोड मिळाली तर कर्ज, नोकरी आणि स्वतःचे गॅरेज या तिन्ही वाटा सोप्या होतात.

मालकांनाही एक सांगणे आहे. गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी खालचा भाग धुऊन गळती झाकण्याची रीत सर्रास दिसते. मदीनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. त्यावर ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली आणि फसवणारा आपल्यापैकी नव्हे असे बजावले. धुतलेली गळती आणि झाकलेले ओले धान्य यांत काय फरक आहे? गळती सांगून दोन हजार रुपये कमी घेतले तर ती रक्कम हलाल राहते, आणि घेणाऱ्याचे कुटुंब त्या गाडीत सुरक्षित बसते.

थोडक्यात

ब्रेक ऑईल गळत असेल किंवा चाकाजवळ तेल असेल तर गाडी लगेच उभी करा. क्लचच्या घरातील आणि पिनियनची गळती उस्तादावर सोपवा. ब्रीदर, प्लग, पातळी आणि झाकण ही कामे स्वतः शिका, ती प्रत्येक वाहनमालकाला आलीच पाहिजेत. गिअरबॉक्सचे मागचे सील एकदा पाहून मग करा. ओल असेल तर पुसा आणि लक्ष ठेवा. आणि कोणतेही सील बदलण्याआधी ते का गेले, हा प्रश्न विचारा.

एक पुठ्ठा, एक पेन्सिल आणि महिन्यातून एक सकाळ, एवढ्यात जुनी गाडी आणखी कित्येक वर्षे घराची रोजी चालवू शकते, इन्शाअल्लाह.